वाडा पाडणार आहेत, परसातली जंगली मांजरं शेतावर नेऊन सोडली तर जगतील का?

तुम्ही विचारलंय की कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतला तुमचा जुना वाडा दिवाळीनंतर पाडायचाय, परसात ६-७ मांजरं आहेत जी कुणाच्याच हाताला लागत नाहीत, आणि घरातले म्हणतायत की पोत्यात घालून पंचगंगेपलीकडं कुठल्यातरी शेतावर सोडून या, उंदीर खाऊन जगतील. तर हे चालेल का.

पोत्यात घालून नाही चालणार. पण शेतावर, गोठ्यावर मांजरं नेता येतात, नीट नेली तर राहतात पण. मी दोन्ही करून बसलोय, आधी चुकीचं आणि मग बरोबर, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लक्ष्मीपुरीत आमचं धान्याचं गोडाऊन होतं, ते रिकामं करायची वेळ आली तेव्हा तिथं एक करडी भाटी, म्हणजे मांजरी, होती. सगळे करतात तेच मी केलं, पोत्यात घातली, गाडीवर पुढं ठेवली आणि गिरगावच्या माळावर मामाचा गोठा आहे तिथं नेऊन पोत्याचं तोंड सोडलं. ती बाहेर आली, एक क्षण जमिनीला चिकटून बसली आणि जी पळाली ती शेजारच्या उसात. परत कधी दिसली नाही. मामी आठवडाभर रोज वाटी भरून बांधावर ठेवत होती, ती कावळेच खायचे. त्या भाटीचं काय झालं असेल ते मला आजही आठवलं की वाईट वाटतं, कारण चूक पूर्ण माझी होती.

झालं काय होतं ते नंतर कळलं. कुत्रं माणसामागं जातं, मांजर जागेला बांधलेलं असतं. तुमच्या परसातल्या मांजराला पाणी कुठं मिळतं, कुठल्या पत्र्यावर ऊन येतं, शेजारचं कुत्रं कुठल्या भिंतीपर्यंतच येतं हे सगळं पाठ असतं. त्याला उचलून अनोळखी रानात टाकलं की ते आधी दडतं आणि मग जुन्या जागेकडं निघतं. मधे रस्ते, कुत्री, उपाशीपोट. उंदीर खाऊन जगेल म्हणतात पण शिकारीला सुद्धा जागा माहितीची लागते, पहिल्या दिवशी कुणी जेवण वाढून ठेवलेलं नसतं. आणि असं अन्नपाण्याशिवाय सोडून येणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातल्या कलम ११ मधे गुन्हा म्हणून लिहिलेलं आहे, हे घरच्यांना सांगा.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. तुमचा वाडा पडणार नसता तर मी म्हणालो असतो की मांजरं हलवूच नका, नसबंदीचं ऑपरेशन करून परत तिथंच सोडा. कारण खरकटं, उंदीर, आडोसा तिथंच असेल तर ही काढली की महिन्या-दोन महिन्यात दुसरी येतात. त्रास होतोय म्हणून मांजरं हलवणं म्हणजे फक्त त्रास पुढं ढकलणं. पण जेसीबी येणारच असेल तर पर्याय नाही, मग हलवायलाच लागतील आणि त्यासाठी वाडा पाडायच्या किमान दीड-दोन महिने आधी सुरुवात करा.

आधी वेगळी करा. म्हणजे ६-७ पैकी एखादं पायाशी घुटमळणारं असेल तर ते जंगली नाही, कुणीतरी सोडलेलं आहे, त्याला घर बघा. पिल्लं ८ आठवड्यांच्या आतली असली तर ती माणसाळतात, त्यांना पण घरं मिळतील. म्हातारं किंवा आजारी गोठ्यावर पाठवू नका. उरलेली पकडायला ट्रॅप लागतो, पायानं पट्टी दाबली की दार पडणारा, प्राण्यांसाठी काम करणाऱ्या लोकांकडं किंवा डॉक्टरांकडं विचारलं तर मिळतो. आदल्या दिवशी खाणं बंद ठेवा, पाणी चालू ठेवा, आणि ट्रॅपमधे सुकट ठेवा, सुकटीच्या वासाला आमच्याकडचा सगळ्यात हुशार बोका पण फसला होता. दार पडल्या पडल्या वरनं जाड चादर टाका, अंधार झाला की मांजर एकदम शांत होतं. हातानं पकडायला जाऊ नका. चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्यायला जा, मांजराच्या चाव्यानं पण रेबीज होतो हे आपल्याकडं लोकांना खरंच वाटत नाही.

ऑपरेशन सगळ्यांचं, एकही सोडू नका. भाटीला पिल्लं व्हायला साधारण ६३ ते ६५ दिवस लागतात आणि ४-५ महिन्यांची पोरगेली भाटी सुद्धा गाभण राहू शकते, म्हणजे दोन मांजरं तशीच नेली तर वर्षात मामा मला गोठ्यात पाऊल ठेवू देणार नाही. त्याच वेळी रेबीजची लस आणि डाव्या कानाचं टोक जरा कापून घ्या, ते भूल असतानाच कापतात, दुखत नाही, आणि लांबनं कळतं की याचं झालंय. भाटी पाजती असेल तर आधी पिल्लं शोधा, नाहीतर ती उपाशी मरतील.

आता जागा. यात लोक सगळ्यात जास्त चुकतात. शेत म्हणजे जागा नाही, जिथं रोज दोन वेळ माणूस येतो ती जागा. म्हणून म्हशींचा गोठा मला सगळ्यात चांगला वाटतो, पहाटे धारेला आणि संध्याकाळी धारेला कुणीतरी येणारच, मग पाऊस असू दे नाहीतर लग्न. पेंड आणि भुसा असतो म्हणून उंदीर असतात, कडब्याच्या गंजीत ऊब असते, वर माळा असतो. गुऱ्हाळावर देऊ नका. ऐकायला बरं वाटतं पण हंगामात तिथं चुलवाण आणि उकळती काहील, आणि हंगाम संपला की सगळे कामगार गावाकडं, मग वाटी कोण भरणार. कोंबड्यांच्या शेडवाल्याकडं तर अजिबात नको, एक पिल्लू उचललं की दुसऱ्या दिवशी तुमचं मांजर जिवंत नसेल. दाजीपूर-राधानगरी अभयारण्याच्या आसपास पण नको. तिथल्या पक्ष्यांनी आणि सरड्यांनी तुमचं काही बिघडवलेलं नाही, शिवाय पाळीव जातीचं मांजर रानातल्या बाऊलाबरोबर, म्हणजे रानमांजराबरोबर, मिसळलं की त्याची जातच बिघडते.

नदीकाठचा गोठा असेल तर पूररेषा विचारा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटाला धोका पातळी आहे आणि २०१९ ला आणि २०२१ ला पाणी ५५ च्या वर गेलं होतं, त्या वेळी लोकांनी म्हशी सोडवून नेल्या, पण मांजराला कोण शोधत बसणार. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: उंदराचं औषध घालता का? उसात झिंक फॉस्फाईड घालतात, घरात त्या रंगीत वड्या टाकतात. ते खाल्लेला उंदीर मांजरानं खाल्ला तर मांजर पण जाऊ शकतं. शेतकऱ्याला नीट सांगायचं की दादा, एकतर औषध नाहीतर मांजर, दोन्ही नाही जमणार. आमच्या मामानं हे लगेच ऐकलं कारण पेंडीची पोती कुरतडून त्याचं दर महिन्याला नुकसान होत होतं.

सगळी मांजरं एकाच ठिकाणी नका देऊ. दोन-दोनच्या जोड्या करा, ज्या एकमेकांना चाटतात, एकत्र झोपतात त्या जोड्या तोडू नका. ओळखीचा वास सोबत असला की निम्मी भीती जाते.

आणि मग पिंजरा. ती करडी भाटी ज्याच्यामुळं गेली तो हाच फरक. दुसऱ्या वेळी एक बोका आणि एक भाटी मामाच्या गोठ्यावर न्यायची होती, तेव्हा उद्यमनगरात एका फॅब्रिकेटरकडनं ४ फूट बाय ३ फूट बाय ३ फुटाचा जाळीचा पिंजरा करून घेतला आणि गोठ्याच्या आतच, म्हशींपासून जरा लांब कोपऱ्यात ठेवला. आत एक लाकडी खोका आडवा, त्यात कडबा, म्हणजे दडायला जागा. एका घमेल्यात माती-वाळू. पाणी, खाणं, आणि वरनं निम्म्या भागावर पोतं. मामा म्हणाला, "आरं, मांजर सोडायला आणलंयस का कोंडायला?" म्हटलं, मामा, तीन आठवडे दम धर.

तीन आठवडे. चार असतील तर अजून चांगलं, पण दोनच्या खाली येऊ नका. या दिवसात ते बघत असतं, ऐकत असतं, चरवीचा आवाज, म्हशीचं हंबरणं, कुत्र्याचा वास, मामीची पावलं, आणि त्याच्या डोक्यात हळूहळू बसतं की जेवण इथं मिळतं. पहिले दोन दिवस दोघंही खोक्यातनं बाहेर आले नाहीत, रात्रीच खायचे, सकाळी वाटी रिकामी दिसायची तेवढंच समाधान. बोक्यानं जाळीवर नाक घासून सोलून घेतलं, ते बघून मला सोडून द्यावंसं वाटलं होतं, पण मामी म्हणाली थांब. (दोन दिवस पूर्ण काहीच खाल्लं नाही तर मात्र डॉक्टरांना फोन करा, मांजर जास्त दिवस उपाशी राहिलं की यकृतावर येतं.) मामी रोज वाटी ठेवायच्या आधी चमच्यानं ताटली वाजवायची. साधारण दहाव्या दिवशी ताटली वाजली की खोक्यातनं दोन डोकी बाहेर यायला लागली.

खायला नुसतं दूध-भात नको. गोठ्यात दुधाची कमी नाही म्हणून लोक तेच घालतात, पण बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, हगवण लागते, आणि मांजराला मांस-मासा लागतोच, त्यातलं टॉरिन नाही मिळालं तर डोळे आणि हृदय खराब होतं. सुकट, उकडलेल्या कोंबडीचे तुकडे, नाहीतर बाजारातलं कोरडं खाद्य. पोट भरलेलं असेल तर उंदीर मारणार नाही असं मामाला वाटायचं, तसं होत नाही, उलट पोटभर मिळतं म्हणून मांजर जागा सोडत नाही आणि शिकार तर ते करतंच.

बाविसाव्या दिवशी संध्याकाळची धार झाल्यावर, पाऊस नाही, फटाके नाहीत, शेजारच्या फडाला तोड नाही असं बघून दार उघडलं आणि आम्ही सगळे बाहेर गेलो. पिंजरा काढला नाही, खोका तसाच, वाटी तशीच. त्या घमेल्यातली वापरलेली माती मामीनं गोठ्याभोवती थोडी थोडी टाकली, स्वतःचा वास सापडावा म्हणून. बोका तासाभरात बाहेर पडून माळ्यावर चढला. भाटी तीन दिवस दिसलीच नाही, माझ्या पोटात परत तेच गोळा आला. चौथ्या दिवशी पहाटे मामीनं ताटली वाजवली आणि ती गंजीतनं खाली उतरली. मामीनं तिथल्या तिथं फोन लावला, मला साडेपाचला उठवलं.

ती दोघं अजून आहेत. हात लावू देत नाहीत, ते कधी देणार पण नाहीत आणि देऊ पण नये. पण धारेच्या वेळी चार हातांवर येऊन बसतात.

तुमचा वाडा दिवाळीनंतर म्हणजे ऊसतोड चालू असणार, तेव्हा उसाला लागून असलेला गोठा टाळा, फड पेटवतात तिथं तर नकोच. आत्तापासून गोठे बघायला लागा, गावाकडं कुणाच्या सासरी-माहेरी म्हशी असतीलच. ६-७ मांजरं म्हणजे तीन जोड्या धरा, तीन पिंजरे लागतील. एक माझ्याकडं मोकळाच पडलाय, तो घेऊन जा.