घर रहदारीच्या रस्त्याला लागून आहे. धुळीतल्या शिशाचा रांगणाऱ्या बाळाला धोका असतो का? मास्क लावावा का?

मास्क नको. दोन वर्षांखालच्या मुलाला तो लावायचाच नसतो, गुदमरण्याची भीती असते. शिवाय या धुळीतलं शिसं मुलांच्या अंगात नाकापेक्षा तोंडावाटेच जास्त जातं.

मी काही वर्षं प्रयोगशाळेत रस्त्याच्या कडेची धूळ चाळून तपासत होतो. चाळणीवर उरणाऱ्या जाड रेतीत धातू कमी सापडायचे, खाली पडणाऱ्या पिठासारख्या पुडीत जास्त. बोटांना चिकटते तीही हीच पूड. चपलांबरोबर घरात येते, फरशीवर बसते आणि रांगणाऱ्या बाळाचा हात फरशीवरून सरळ तोंडात जातो. धोक्याचं गणित मांडताना लहान मूल रोज 200 मिलिग्रॅम माती-धूळ गिळतं असं धरतात, मोठा माणूस 100. आकडे मुद्दाम चढे धरलेले असतात, पण दहा किलोच्या जिवाला दुप्पट धूळ, हे विसरू नका.

टायरमधलं जस्त, ब्रेकमधलं तांबं यांची मला तितकी काळजी वाटत नाही. शिशाची वाटते. शिसं घातलेलं पेट्रोल 2021 मध्ये जगभरातून बंद झालं, पण शिसं काही कुजत नाही. जुन्या रस्त्यांकडेच्या मातीत ते अजून आहे. जुन्या रंगाचे पोपडे त्यात भर घालतात. मुलं गिळलेलं शिसं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषतात, आणि अंगात लोह कमी असेल तर आणखी. वाढत्या मेंदूवर, पुढे शिकण्यावर आणि लक्ष लागण्यावर त्याचा परिणाम होतो. सुरक्षित म्हणावी अशी पातळी अजून सापडलेली नाही.

चपला दाराबाहेर ठेवा. कोरड्या झाडूने धूळ नुसती उडते, फरशी ओल्या फडक्याने पुसा. भरवण्याआधी बाळाचे हात साबण-पाण्याने धुवा. सॅनिटायझरने जंतू मरतात, शिसं तिथेच राहतं. लोहाचं डॉक्टरांना जरूर विचारा.

शंका असेल तर रक्तातलं शिसं तपासून घ्या, कारण बाहेरून बहुधा काहीच दिसत नाही. अमेरिकेत डेसिलिटरला 3.5 मायक्रोग्रॅमपासून मुलाकडे लक्ष ठेवायला सुरुवात करतात. मात्र बोट टोचून केलेल्या तपासणीत आकडा जास्त आला तर लगेच घाबरू नका, शिरेतून रक्त घेऊन पुन्हा तपासा. बोट नीट धुतलेलं नसेल तर त्याच्यावरची धूळच थेंबात मिसळलेली असू शकते.