लेबर रूमची नवी इन्चार्ज आहे. लीडरशिपच्या प्रशिक्षणाने टीम खरंच घडते का?

तुम्ही लिहिलंय की सहा महिन्यांपूर्वी इन्चार्ज झालात, आता तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवताहेत, आणि तेवढे दिवस वॉर्डात दिले तर जास्त उपयोग होईल असं तुम्हाला वाटतंय. मी बावीस वर्षं लेबर रूममध्ये काढली, त्यातली नऊ इन्चार्ज म्हणून. जरूर जा. पण परत आल्यावर वॉर्डात काय सुरू करायचं, ते आत्ताच ठरवून जा.

टांझानियातल्या हायडॉम रुग्णालयाचा अनुभव मला फार शिकवून गेला. न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, याचं एक दिवसाचं प्रशिक्षण तिथे दिलं गेलं. सरावाच्या बाळ-पुतळ्यावर सगळ्यांचे हात सुधारले, प्रत्यक्ष बाळंतपणात मात्र फरक पडला नाही. मग पद्धत बदलली: दर आठवड्याला काही मिनिटं, कामाच्या जागीच सराव. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांप्रमाणे पहिल्या २४ तासांतले बालमृत्यू हजारी सुमारे ११ वरून ७ वर आले.

मी हेच केलं. पाळी बदलताना हँडओव्हर झाला की वॉर्मरवर, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या टेबलावर, पुतळा, शेजारी अंबू बॅग (मास्क लावलेली, हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), आणि कुणाही एकीला हाक. पहिल्याच आठवड्यात दिसलं की प्रमाणपत्र असलेल्यांचाही मास्क गालाशी सुटतोय. बॅग दाबली जाते, छाती मात्र उचलत नाही. मास्कने नाक-तोंड झाकलं पाहिजे, पण तो डोळ्यांवर चढता कामा नये आणि हनुवटीखाली उतरता कामा नये. एवढं हाताला कळायला महिना गेला. बाळाच्या पहिल्या मिनिटात हे आठवत बसायला वेळ नसतो.

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. एका बाईला बाळंतपणानंतर रक्तस्राव होत होता. सगळ्यात नवीन सिस्टरच्या ते आधी लक्षात आलं होतं, पण सीनिअर म्हणाली, "एवढं होतंच," आणि नवीन मुलगी गप्प बसली. बाई वाचली. दोन दिवसांनी ती पोरगी मला म्हणाली, "मॅडम, मला तेव्हाच कळलं होतं." त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण जिथे ती बोलू शकली नाही तो वॉर्ड माझा होता.

म्हणून आता अंदाज नको, माप हवं असं मी प्रत्येकीला सांगते. ई-मोटिव्ह या अभ्यासात आफ्रिकेतल्या चार देशांतल्या ८० रुग्णालयांपैकी काहींमध्ये बाळंतिणीखाली रक्त मोजायची खुणांची पिशवी लावली आणि निदान होताच सगळे उपचार एकदम सुरू केले. २०२३ मध्ये निकाल आला: अतिरक्तस्राव ओळखण्याचं प्रमाण तिथे ९३ टक्के, नेहमीच्या पद्धतीत जेमतेम ५१. गंभीर रक्तस्राव, त्यासाठीची पोटाची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू हे सगळं मिळून ४.३ ऐवजी १.६ टक्के. मला त्या पिशवीचं मोल आणखी एका कारणाने वाटतं. रक्त ५०० मिलिलिटरच्या रेषेला टेकलं की नवीन मुलीला सीनिअरशी वाद घालावा लागत नाही. तिने फक्त आकडा मोठ्याने वाचायचा.

हेही ध्यानात ठेवा: उत्तर प्रदेशात सुरक्षित प्रसूतीच्या चेकलिस्टसोबत आठ महिने मार्गदर्शन दिलं गेलं. कामाच्या सवयी सुधारल्या, मार्गदर्शक गेल्यावर काही ढिल्या पडल्या, आणि मृत्यूंत फरक दिसला नाही. रक्त, औषध, वेळेवर रेफरल (मोठ्या रुग्णालयात पाठवणं) आणि पुरेशी माणसं नसतील, तर एकट्या सरावाने भागत नाही. सलग दोन नाईट करून आलेली सिस्टर काय शिकणार? रोस्टरसाठी, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकासाठी, वरिष्ठांशी भांडणं हेही तुमचंच काम आहे.

आणि प्रशिक्षणाला एकट्या जाऊ नका. नाईटची एखादी सिस्टर सोबत मागून घ्या. नाहीतर शिकलेलं सगळं दिवसपाळीतच राहतं, आणि बाळंतपणं रात्रीही होतात.