वाचकांचे प्रश्न: सिंक केलेला आवाज साउंड एडिटरकडे पोचतच नाही

प्रश्न: आम्ही मित्रांनी मिळून अठरा मिनिटांची शॉर्ट फिल्म केलीय, शूट कोल्हापूरजवळच्या एका गावात. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला, एक बूम (काठीवरचा माइक) आणि दोन लेपल (कपड्यांना लावायचे छोटे माइक). एडिट प्रीमियर प्रो या सॉफ्टवेअरमध्ये, तिथे मर्ज क्लिप्स करून (चित्र आणि आवाज एकाच क्लिपमध्ये जोडून) सिंक केलं आणि टाइमलाइन सुटसुटीत राहावी म्हणून मिक्स (सगळे माइक एकत्र केलेला ट्रॅक) ठेवून बाकीचे ट्रॅक काढून टाकले. आता एडिट लॉक (पक्कं) झाल्यावर पुण्याच्या साउंड एडिटरला एएएफ (एडिट दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेणारी फाईल) पाठवलं तर ती म्हणते लेपल कुठेत, आणि क्लिपला नावं कॅमेऱ्याची का आहेत? सगळं पुन्हा सिंक करायचं का? आणि एक जण म्हणाला ओएमएफ (तशाच कामाची दुसरी फाईल) पाठवा, ते बरं का?
एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: सगळं नाही करायचं, घाबरू नका. आवाज कुठे गेलेला नाही, रेकॉर्डरच्या कार्डवरून कॉपी केलेल्या फोल्डरमध्ये तो आहेच, आणि ते फोल्डर आधी दुसऱ्या हार्ड डिस्कवर ठेवा, मग पुढचं वाचा.

झालं काय, तर तुम्ही सिंक केलं ते कानाला बरोबर आहे, पण साउंड एडिटरला नुसतं बरोबर ऐकू येऊन भागत नाही, तिला प्रत्येक तुकडा मूळच्या कुठल्या फाईलचा आणि त्या फाईलमधल्या कुठल्या टाइमकोडचा (फाईलवर नोंदलेल्या वेळेचा) ते कळावं लागतं. रेकॉर्डर बहुतेक वेळा एकाच वेव्ह फाईलमध्ये मिक्स, बूम, लेपल असे सगळे ट्रॅक ठेवतो, सोबत सीन, टेक, ट्रॅकची नावं पण लिहून ठेवतो. मर्ज केलेल्या क्लिपमध्ये ही ओळख पुढे नीट जात नाही, म्हणून मी मर्ज क्लिप्स कुणालाच सुचवत नाही, लहान फिल्मला सुद्धा नाही.

आता उपाय. लॉक झालेल्या सीक्वेन्सची कॉपी करा. रेकॉर्डरच्या मूळ वेव्ह फाईल प्रीमियरच्या बिनमध्ये (प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये) घ्या आणि टाइमलाइनवर टाकायच्या आधीच मॉडिफाय ऑडिओ चॅनल्समध्ये जाऊन प्रत्येक चॅनल मोनो, म्हणजे वेगवेगळा, करा, कारण एकदा टाइमलाइनवर टाकल्यावर केलेला बदल तिथल्या क्लिपला लागत नाही. मग फक्त एडिटमध्ये राहिलेले टेक घेऊन मूळ वेव्ह त्यांच्या खाली लावा, सगळे ट्रॅक चालू ठेवून, आणि जुना आवाज नि नवा आवाज एकत्र वाजवून बघा. सेकंदाला २५ फ्रेम्स असतील तर एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, तेवढा जरी सरकला तरी आवाज दुहेरी ऐकू येतो, लगेच कळतं. काम कंटाळवाणं आहे पण करा, कारण वाऱ्यात बूम गेला तर लेपल वाचवतो, लेपल साडीला घासला तर त्या एका शब्दापुरता बूम लागतो, आणि तुमच्या रेकॉर्डिस्टने उन्हात उभं राहून ते सगळं घेतलंय ते वाया जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

एक छोटी वाट पण आहे. मूळ वेव्हचा फक्त मिक्स ट्रॅक कापून लावा आणि रेकॉर्डरचं अख्खं फोल्डर एएएफसोबत द्या, प्रो टूल्स या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव आणि टाइमकोड जुळवून बाकीचे ट्रॅक तिकडे उघडता येतात. हे जमेल का ते तिलाच आधी फोन करून विचारा.

एक्सपोर्ट करताना ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, ब्रेकआउट टू मोनो चालू, इफेक्ट रेंडर करू नका. नेस्ट केलेले (एकात एक टाकलेले) सीक्वेन्स आधी सोडवून घ्या नाहीतर ते एकच मिक्स होऊन जातात. हँडल्स २५० फ्रेम्स द्या, म्हणजे प्रत्येक कटच्या दोन्ही बाजूंना दहा सेकंद जास्तीचा आवाज. त्यातच तिला श्वास आणि त्या घरातली शांतता सापडते, ज्यावर डायलॉगचे जोड लपतात. सोबत टाइमकोड दिसणारा व्हिडिओ द्या, फिल्म ०१:००:०० ला सुरू होत असेल तर ००:५९:५८ ला एक फ्रेमची बीप, म्हणजे सिंक तपासायला अर्धं मिनिट पण लागत नाही.

ओएमएफचं म्हणाल तर ते जुनं आहे आणि फाईल २ जीबीच्या वर जात नाही, एवढे ट्रॅक आणि लांब हँडल्स घेतल्यावर तिथे अडाल. एएएफच पाठवा, आणि पूर्ण पाठवायच्या आधी एकाच सीनचा पाठवून तिच्याकडून उघडून घ्या.