सकाळचा रिपोर्ट

अगं,

परवा तलावपाळीवर तू मोबाइलवर तुमच्या वाफेच्या विहिरीच्या ड्रिलिंगचा आलेख दाखवलास, कितव्या दिवशी किती खोल गेलं त्याचा. "काका, 60 दिवसांची विहीर 50 मध्ये बसवायचीय, कुठे कापू?" मी भेळेत डोकं घातलं. चिडलो होतो, पण तुझ्यावर नाही.

खोली आणि दिवसांच्या आलेखात सगळ्यांचा डोळा तिरक्या रेघेवर असतो, कारण तिथे बिट, म्हणजे खडक फोडणारं टोक, खाली सरकतं. तू आडव्या रेघा बघ. तिथे खोली वाढत नाही, नुसते दिवस जातात. मड, म्हणजे ड्रिल करताना विहिरीत फिरवतो तो चिखल, खडकाच्या फटीत गडप झालं, सिमेंट घट्ट व्हायची वाट बघितली, झिजलेल्या बिटसाठी पाइपांची अख्खी स्ट्रिंग वर ओढली. आणि रिपोर्टात काय? "प्रतीक्षा." कसली प्रतीक्षा? अशा शब्दावर तू प्लॅन करणार?

म्हणून एकच धरून ठेव: रिपोर्टात खरं लिही. त्याच सकाळी लिही. मड फटीत गेलं की "थोडा लॉस" असं नको. किती मीटरवर, तासाला किती बॅरल, काय सोडलं, परत काय आलं.

मी लिहिलं नाही. विहिरीत एकात एक लोखंडी नळ्या बसवतात, ते केसिंग. जावा बेटावरच्या एका विहिरीत केसिंगमागचं सिमेंट वर आलंच नाही, फटींनी गिळलं. पहाटे 3 वाजता वरून ओतून आम्ही भागवलं. मध्ये पाणी अडकलं असावं, अशी शंका मनात होती. लिहिलं काय, तर "सिमेंट पृष्ठभागापर्यंत". विहीर तापली, पाणी फुगलं, त्याला जायला वाट नव्हती. आतलं केसिंग चेपलं. रिगचं भाडं चढत होतं, साहेब फोनवर ओरडत होते, मी 14 तास उभा होतो. तू म्हणशील, सबबी आहेत. आहेतच. तिथे उभं राहिल्याशिवाय त्या कळत नाहीत, एवढंच म्हणतो. पण शेजारची विहीर माझाच रिपोर्ट वाचून आखली गेली, आणि सिमेंट पुन्हा तसंच केलं. ते मला जास्त लागतं.

अमेरिकेत युटाच्या फोर्ज या भूऔष्णिक प्रयोगाच्या प्रकल्पात ग्रॅनाइटमध्ये ड्रिलिंगचा वेग वाढला, त्याचं तुझ्या ऑफिसात फार कौतुक आहे. त्यांनी बाहेर आलेल्या बिटचे दात तपासले, ते कशाने तुटले ते शोधलं आणि पुढचं बिट चालवायची रीत बदलली. तुमच्याकडे झिजलेल्या बिटचे फोटो तरी आहेत का? का डॅशबोर्डच नुसता?

वज्रेश्वरी-अकलोलीच्या कुंडांखाली ड्रिल करता येईल का, असंही विचारलंस. ते सावकाश बोलू. गरम पाणी वर येतंय म्हणजे खाली फटी आहेत, एवढं आत्ता लक्षात घे. वरच्या टप्प्यात लॉस झाला की फट बुजवायची. खाली, जिथून वाफ घ्यायची, तिथे तीच बुजवलीस तर विहीर कशाला खोदलीस? लॉस कुठे झाला हे कोणी धड लिहिलंच नसेल, तर कुठली बुजवायची आणि कुठली जपायची हे तुला कळणार कसं? बघ, परत तिथेच आलो.

50 दिवसांचं वचन साहेबांना अजून देऊ नकोस. रागावले तर माझं नाव सांग. मला आता कोण काढणार! रविवारी ये, ऐरोलीहून ठाणं दोनच स्टेशनं. स्लाइड नकोत. आधीच्या विहिरींचे रोजचे मूळ रिपोर्ट आण, ड्रिलरच्या हातचे, डाग पडलेले असले तरी. चष्मा मी नवा केलाय.

— काका