पुण्यात किगुरुमी सुरू करायचंय, आधी काय घेऊ?

किगुरुमी म्हणजे पूर्ण डोकं झाकणारा मुखवटा आणि अंगभर सूट घालून जपानी कार्टूनमधलं (ॲनिमेतलं) एखादं पात्र साकारणं. पण मुखवट्याची घाई करू नका. आधी पात्राच्या त्वचेच्या रंगाचा, अंगाला घट्ट बसणारा सूट घ्या; जपानीत त्याला ‘हादाताई’ म्हणतात. तो घालून घरातच वावरून बघा, एप्रिलच्या दुपारी मात्र नको. वरचे कपडे रविवार पेठेतून कापड आणून ओळखीच्या शिंप्याकडून शिवून घ्या. मुखवटा मागवताना सूटची टोपी चढवूनच डोक्याचा घेर मोजा.

आतून डोळ्यांच्या फटीतून जेमतेम दिसतं. पहिल्याच दिवशी मी उंबऱ्याला अडखळले. बाहेर जाताना सोबतीला कुणीतरी हवंच: जिन्यावर हात धरायला, मध्येमध्ये मुखवटा काढून पाणी द्यायला.

आणि आरशासमोर सराव करा! चेहरा हलत नाही, त्यामुळे लाजणं, रुसणं सगळं मानेतून आणि बोटांतून दाखवायचं. मला तर तेच सगळ्यात आवडतं.