बॅकअपचा जॉब हिरवा दिसला म्हणून निर्धास्त राहू नकोस

वेर्ण्याच्या कंपनीत मेल सर्व्हर तुझ्या हाती आलाय ना? मग बॅकअपचं सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं ते नंतर. आधी मालकाला विचार: मेल किती तास बंद राहिला तर चालेल, आणि किती तासांचे मेल कायमचे गेले तरी चालतील? बजेट त्यावरूनच ठरतं.

एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) असेल तर एक्स्चेंज ओळखणारंच सॉफ्टवेअर घे. डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद लॉग फाइलमध्ये होते; ती प्रत्येकी १ एमबीची, पण साचतात हजारोंनी. बॅकअप नीट पूर्ण झाला की मगच त्या साफ होतात. चतुर्थीच्या सुट्टीत माझा जॉब अडकला, कुणी बघितलंच नाही. परत आलो तर ड्राइव्ह गच्च, डेटाबेस डिसमाउंट म्हणजे मेलच बंद, आणि फोनवर अकाउंट्सच्या बाई तापलेल्या. अशा वेळी लॉग हाताने उडवायचा मोह होतो. उडवू नकोस.

(अजून २०१६ किंवा २०१९ चं एक्स्चेंज असेल, तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, हेही मालकाच्या कानावर घाल.)

रेड (RAID, डेटा एकाच वेळी अनेक डिस्कवर ठेवणं) म्हणजे बॅकअप नव्हे. तीन प्रती, दोन माध्यमं, एक प्रत बाहेर. बाहेर म्हणजे शेजारच्या खोलीत नाही, फोंड्याला किंवा क्लाउडवर. जूनमध्ये वीज पडली की दोन्ही खोल्यांतली यंत्रं एकदम जातात. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) बॅकअपही शोधतं, म्हणून एक प्रत डोमेनच्या, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कच्या, पासवर्डने न उघडणारी हवी.

महिन्यातून एकदा स्वतःचाच मेलबॉक्स बॅकअपमधून रिस्टोर करून बघ, घड्याळ लावून. लागलेला वेळ वहीत लिही आणि मालकाला तोच आकडा सांग.