ग्रेदोसला जायचं, पण जेवणाचं काय?

प्रश्न: ह्यांच्या निवृत्तीनंतर येत्या सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं स्पेनला जायचं म्हणतोय. मुलीने माद्रिदजवळच्या ग्रेदोस डोंगरातलं एक जुनं सरकारी हॉटेल सुचवलंय. फोटोत नुसता दगड आणि पाइनची झाडं दिसतात. मी शाकाहारी आहे (अंडं चालतं), ह्यांना मधुमेह. इतक्या आडबाजूला दोन रात्री घालवण्यात अर्थ आहे का, की तेच दिवस बार्सिलोनाला वाढवू?
— एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर: जा. बार्सिलोनाला दिवस वाढवायचेच असतील तर दुसऱ्या एखाद्या शहरातले कापा, इथले नको.

मुलीने सुचवलेलं हॉटेल म्हणजे पारादोर दे ग्रेदोस. पारादोर ही स्पेन सरकारच्या कंपनीची हॉटेलं. आपल्या एमटीडीसीसारखीच म्हणा, पण त्यातली बरीचशी जुने किल्ले, मठ आणि वाडे दुरुस्त करून केलेली. तुमचं हॉटेल त्यातलं नाही. ते मुद्दाम मुक्कामासाठीच बांधलं आणि सगळी साखळी तिथूनच सुरू झाली. कल्पना तेव्हाचे पर्यटन आयुक्त मार्केस दे ला बेगा-इन्क्लान यांची, जागा निवडली राजा तेरावा आल्फोन्सो याने, आणि उद्घाटन झालं ९ ऑक्टोबर १९२८ रोजी. राजाला हा भाग पाठ होता, कारण तो इथे शिकारीला यायचा. गंमत अशी, की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या रानबकऱ्या जवळपास संपल्याच होत्या. १९०५ मध्ये डोंगर राजाच्या शिकारीसाठी राखीव झाला, पूर्वी चोरून शिकार करणाऱ्यांनाच राखणदार नेमलं आणि कळप पुन्हा वाढले. हौस राजाची, फावलं बकऱ्यांचं.

तेव्हा महालाची अपेक्षा ठेवून जाऊ नका. ग्रॅनाइटच्या जाड भिंती, काळपट लाकूड, वजनदार खुर्च्या, आणि बाहेर पडलं की थेट पाइनचं रान. मला ते आवडलं. माझ्याबरोबरच्या मैत्रिणीला दुसऱ्या दिवशी दुपारीच कंटाळा आला. तुमचे हे पुस्तक घेऊन तासभर एका जागी बसू शकतात का, ते आधी बघा. वाचायला राज्यशास्त्र आवडत असेल तर आणखी एक गोष्ट सांगा त्यांना: हुकूमशहा फ्रँको गेल्यानंतर स्पेनची जी राज्यघटना झाली, तिच्या मसुद्यासाठी १९७८ मध्ये समितीचे सदस्य माद्रिदच्या गडबडीपासून दूर ह्याच हॉटेलात येऊन बसले होते. समितीतले मान्वेल फ्रागा हे फ्रँकोच्याच सरकारात पर्यटनमंत्री होते आणि त्यांच्याच कारकिर्दीत पारादोर झपाट्याने वाढली. ह्याच समितीत कम्युनिस्ट पक्षाचा प्रतिनिधीही होता. डिसेंबरात जनमत घेऊन घटना मंजूर झाली.

आता जेवण, कारण खरी काळजी तीच आहे, हो ना? हा आविला प्रांत म्हणजे गोमांसाचा आणि डुकराच्या मांसाचा. पातातास रेवोल्कोनास नावाचा लालसर कुस्करलेला बटाटा सगळीकडे मिळतो. लाल रंग मिरचीच्या पुडीचा. वरचे तळलेले मांसाचे तुकडे बाजूला सारून खाऊ असं मनात आणू नका, बटाटाही बहुतेक वेळा त्याच चरबीत परतलेला असतो. एल बार्को गावचा पांढरा राजमा नावाजलेला आहे, पण शिजतो तो चोरिसोबरोबर, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजबरोबर. नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही, तिथल्या बऱ्याच जणांच्या हिशेबी हामोन, म्हणजे खारवून सुकवलेली डुकराची तंगडी, मांसात मोडतच नाही. "नी कार्ने, नी हामोन, नी चोरिसो" (ना मांस, ना हामोन, ना चोरिसो) एवढं पाठ करा आणि बुकिंग करतानाच हॉटेलला लिहून कळवा. बटाट्याचं जाड आम्लेट, म्हणजे तिथली तोर्तिया, तुम्हाला चालेल. शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट नेणं मी तरी लाजिरवाणं मानत नाही.

ह्यांच्या मधुमेहासाठी पदार्थांपेक्षा वेळ सांभाळा. स्पेनमध्ये दुपारचं जेवण दोनच्या सुमारास, आणि रात्री साडेआठच्या आत स्वयंपाकघर उघडलेलं दिसलं तर नशीब. मोठं जेवण दुपारी करा, संध्याकाळी सातला खोलीत काहीतरी खायला ठेवा आणि गोळ्यांच्या वेळा निघण्याआधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. औषधं हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट.

हॉटेल आहे साधारण १६५० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर. सप्टेंबरात दिवसा मजेत फिराल, पण रात्री स्वेटर लागेलच. जवळच्या ओयोस देल एस्पिनो गावातून बारा किलोमीटरवर गाडीरस्ता संपतो, तिथून मोठ्या तळ्याकडे पायवाट जाते. जायलाच अडीच तास, वाट दगडगोट्यांची, आणि परतायचंही असतं. गुडघे कुरकुरत असतील तर तळ्याचा हट्ट नको. अर्धा तास चाललात तरी बकऱ्या दिसतात. माणसाला बुजत नाहीत, उलट तुमच्याच डब्याकडे बघत उभ्या राहतात.

पोहोचायचं कसं? रेल्वे जात नाही. माद्रिदहून गाडीने साधारण १७० किलोमीटर. ह्यांना उजव्या बाजूने गाडी चालवायची सवय नसेल तर माद्रिद ते आविला रेल्वेने दीड तास, तिथे तटबंदी बघा (१९८५ पासून जागतिक वारसा) आणि पुढचे साठेक किलोमीटर आधीच ठरवलेल्या टॅक्सीने जा. गाडी भाड्याने घेणारच असाल तर इथूनच आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. आणि पंचावन्न वर्षांवरच्या पाहुण्यांना पारादोरमध्ये काही दिवस सवलत असते, ती विचारायला संकोचू नका.

प्रश्न: आम्हीही पारादोरमध्ये राहणार आहोत. आधी व्हिसा की आधी हॉटेल?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर: आधी हॉटेल, पण रद्द केल्यावर पैसे परत मिळतील अशाच दराचं. स्वस्त दर बहुधा परत न मिळणारे असतात, तिथेच लोक फसतात. शेंगेन व्हिसाला (स्पेन-पोर्तुगालसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) मुक्कामाचा पुरावा आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मुंबईतल्या केंद्रात सुट्ट्यांच्या दिवसांत वेळ मिळणं कठीण जातं, म्हणून ती आधी पकडा. आणि अर्ज स्पेनकडे करायचा असेल तर जास्त रात्री स्पेनमध्येच असायला हव्यात; पोर्तुगालला चार आणि स्पेनला तीन असं वेळापत्रक केलंत, तर कागद पोर्तुगालकडे न्यावे लागतील.